तेरा हजार चारशे अडुसष्ट

मे महिन्यात अकोल्याच्या घरांत माणसांच्या आधी कूलर ऐकू येतो. खिडकीला टेकवलेली पत्र्याची पेटी, तिच्यातल्या गवतावर पाणी सोडणाऱ्या मोटरची बारीक किरकिर, पंख्याची घरघर. डाबकी रोडवरच्या आत्याच्या दारात मी उभा राहिलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं. कडी वाजवली. पुन्हा वाजवली. पोटात धस्स झालं. चौऱ्याहत्तर वर्षांचं एकटं माणूस, बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, आणि घर गप्प.

दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्यावर ओला टॉवेल होता. त्याचं पाणी कानशिलावरून गळ्यात उतरत होतं.

"काहून आला रे बापू इतक्या उनाचा?"

एका लग्नासाठी अकोल्याला आलो होतो, जेवणं आटोपून तिच्याकडे डोकावलो. तिने माठातलं पाणी दिलं. मी स्वयंपाकघरात गेलो तर फ्रीजचं दार अर्धवट उघडं, फटीत कापडाची घडी. बंद ठेवलेल्या फ्रीजला वास लागू नये म्हणून ठेवतात तशी. वाटलं, वीज गेली असेल. पण देवघरातला झिरोचा दिवा चालू होता.

"कूलर बिघडला का आत्या?"

"नाई. मीच बंद केला. सोसते मले ऊन."

मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, अमरावतीला पाणी रोज येतं का. अकोल्याला नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो, त्यामुळे हा प्रश्न ती दरवेळी विचारते. आणि मध्येच, जणू सहज, तिने विचारलं, "सोन्याचा भाव काय चालू हाय रे? तुमच्या अमरावतीले दोन पैसे जास्त भेटते का?"

तिच्याकडे सोनं म्हणजे दोन पाटल्या. फुवाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, १९७८ साली केलेल्या. त्या मोडायचा विषय तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. फुवाजींच्या आजारपणातही नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने मान खाली घातली, उठली, गजानन महाराजांच्या तसबिरीमागून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

विजेचं बिल होतं. रक्कम ९३,७४० रुपये. भरायची मुदत संपायला चार दिवस उरलेले.

ते येऊन सहा दिवस झाले होते. त्या सहा दिवसांत तिने कूलर बंद केला, फ्रीज बंद केला, रात्री पंखाही बंद करून अंगणात खाट टाकली. कोणालाही काही सांगितलं नाही. नाशिकला असलेल्या मुलीला नाही, शेजारी नाही, मला नाही. तिचं उत्पन्न म्हणजे फुवाजींच्या मागे मिळणारी ईपीएस-९५ ची विधवा पेन्शन. या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. तिला त्याहून थोडीशीच जास्त मिळते. वर मुलगी काही पाठवते. त्यातून दूध, औषधं, घरटॅक्स आणि हे बिल. उन्हाळ्यात तिचं बिल बाराशे-तेराशेच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

"तुले सांगून काय करू?" ती म्हणाली. "लाईट म्या जाळली, बिल म्या भराव."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बिल चुकलं असेल अशी शंकाच तिला शिवली नव्हती. तिने सहा दिवस स्वतःचीच झडती घेतली होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बाया आल्या तेव्हा दोन्ही खोल्यांतले पंखे चालू होते. कुरडयांचा चीक करायला मिक्सर दोन दिवस चालला. शेजारच्या पोराने परीक्षेच्या काळात तिच्या ओट्यावर बसून दिव्याखाली अभ्यास केला. नळ आला त्या दिवशी टिल्लू पंप अर्धा तास जास्त चालला. हे सगळं ती मला एकेक करून सांगत होती, एखाद्याने गुन्हा कबूल करावा तसं. आणि या साऱ्याची बेरीज करून त्र्याण्णव हजार होत असतील, असं ती धरून चालली होती. कारण कागदावर तसं छापलेलं होतं.

आत्याच्या वयाच्या वऱ्हाडी माणसाला "देणं" हा शब्द कसा लागतो, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तिचं माहेर, म्हणजे माझ्या वडिलांचं गाव, दर्यापूरकडचं. तिथून अंजनगावचा पट्टा जवळ, आणि त्याच पट्ट्यातलं शेंडगाव हे गाडगेबाबांचं जन्मगाव. माझ्या आजीने बाबांची कीर्तनं प्रत्यक्ष ऐकली होती. सण साजरा करायला कर्ज काढू नका, भांडी नसली तर हातावर भाकर घ्या, पण सावकाराच्या दारात जाऊ नका, हे त्या कीर्तनांचं सार आजी आम्हाला अंगणात सांगायची. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले तेव्हा आत्या सात वर्षांची होती. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, एवढं तिला आठवतं. ही माणसं उधारीचं किराणा सामानही रात्री निजण्याआधी आठवून मोजतात.

आणि याच मातीत देण्यापायी माणसं गेलेलीही आपण पाहिली. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली शेतकऱ्याची पहिली जाहीर आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली, आणि दरवर्षी त्या दिवशी अनेकजण अन्नत्याग करतात. थकलेल्या बिलापायी त्यांच्या पंपाची वीज तुटली आणि उभं पीक वाळलं, असं त्या भागातली माणसं आजही सांगतात. विजेचं बिल आमच्याकडे नुसता कागद कधीच नव्हता.

त्या संध्याकाळी मी अमरावतीला परतलो नाही. आधी कूलर चालू केला. ती "नको, नको" म्हणत राहिली. मी टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. वाळलेल्या गवतावर पाणी पडल्याचा वास घरभर पसरला. मग आम्ही दोघं बिल घेऊन बसलो.

तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला एक तार टांगलेली आहे. खालचं टोक वाकवून त्यात पुठ्ठ्याचा गोल अडकवलेला. फुवाजी कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते. पेढीवरची ही पद्धत त्यांनी घरात आणली: जो कागद घरात येईल तो तारेत ओवायचा. दुधाचा हिशेब, घरटॅक्स, गॅसची पावती, विजेचं बिल, औषधाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा. फुवाजी २०१४ साली गेले, पण तार चालूच राहिली. आत्याला लिहिता-वाचता येतं, हिशेब मात्र त्यांचा. ती नेमाने फक्त ओवत गेली.

ती तार उतरवली आणि बिलं जमिनीवर मांडली. माझ्या आयुष्यात मी विजेचं बिल पहिल्यांदा नीट वाचलं ते त्या रात्री. आपण सगळे रक्कम आणि तारीख बघतो, झालं. पण त्या कागदावर एका घराची दिनचर्या असते. डिसेंबरात ३८ युनिट. जानेवारीत ४१. मार्चपासून चढ, कारण होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो. मे महिन्यात १४० च्या आसपास. जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा खाली. दरवर्षी हाच आलेख.

आणि या बिलावर ५,१४३ युनिट.

आकडे लिहून काढले. महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला १७१ युनिट. तासाला सात युनिटांहून जास्त. म्हणजे या दोन खोल्यांच्या घरात चार एसी, रात्रंदिवस, एक क्षण न थांबता चालले पाहिजेत. त्याच बिलावर वरच्या बाजूला छापलेलं होतं: मंजूर भार, एक किलोवॅट. हा एक किलोवॅट महिनाभर अखंड वापरला तरी ७२० युनिट होतात. जो कागद तिला पाच हजार युनिटांचं देणं सांगत होता, त्याच कागदावर हे देणं अशक्य असल्याचंही लिहिलेलं होतं.

"म्हंजे म्या जाळली नाई?" आत्याने विचारलं.

"नाही आत्या."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुरं वाच."

बिलाच्या एका कोपऱ्यात मीटर बदलल्याची नोंद होती. तिला ते आठवलं. एप्रिलच्या शेवटी दोन पोरं आली होती, वीज कंपनीच्या कंत्राटदाराची. जुना मीटर काढून नवा बसवला, जुना पोत्यात टाकून नेला, तिची सही घेतली, गुलाबी कागदाची एक प्रत हातात दिली. तो कागद कुठे आहे? अर्थात तारेत. तिने तो काढून दिला. कार्बनखालची प्रत, अक्षरं फिक्कट जांभळी. जुन्या मीटरचं अखेरचं रीडिंग म्हणून पाच आकडे घाईत लिहिलेले. बिलावर ते १८४६८ असं आलं होतं. त्याच्या आधीच्या महिन्याच्या बिलावर रीडिंग होतं १३४१२.

मी कागद दिव्याजवळ धरला. दुसरा आकडा तीन होता की आठ, सांगता येईना. इंग्रजी तीनचे दोन्ही वळसे आत मिटले की तो आठासारखा दिसतो. आत्या उठून फुवाजींचं भिंग घेऊन आली, जुनं, पितळी कडीचं. तिने स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाली, "हा शेवटचा आठ पाय. दोन गोल येकावर येक काढले त्यानं. आन् हा दुसरा पाय, येका ओढीत काढला. ज्याले आठ असा काढाची सवय, तो तिथं दुसरा कायले काढन?"

खरंच होतं. अखेरचा आठ म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन पोकळ गोळे. दुसरा आकडा मात्र पेन न उचलता लिहिलेला, वळसे मिटलेला तीन. रीडिंग १३४६८ होतं. जुन्या मीटरचे ५६ युनिट, नव्याचे ८७, एकूण १४३. त्यावर कुठेतरी, कोणीतरी, कोणत्यातरी पडद्यासमोर बसून तीनाचा आठ वाचला आणि पाच हजार युनिट एका म्हातारीच्या घरात घुसले.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो जुना मीटर २००५ साली बसवलेला. अठरा वर्षांत त्याने साडेतेरा हजार युनिटही पुरे मोजले नव्हते. तीन माणसांचा संसार, मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, फुवाजींचं आजारपण, अठरा उन्हाळे, हे सगळं साडेतेरा हजारात मावलं होतं. आणि कागद म्हणत होता की त्यातल्या शेवटच्या पंधरवड्यात त्या घराने पाच हजार जाळले. आत्याच्या काटकसरीची याहून मोठी साक्ष दुसरी कोणती असणार? पण ती साक्ष मीटरसोबत पोत्यात गेली होती.

घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, हेही इथे सांगायला हवं. पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी दर, मग ३०० पर्यंत एक, ५०० पर्यंत एक, आणि पुढे सर्वांत चढा. वर सोळा टक्के विद्युत शुल्क. त्यामुळे गरीब घरात चुकीचे युनिट घुसले की ते गरिबाच्या दराने आकारले जात नाहीत. बंगल्याच्या दराने आकारले जातात. तिचं खरं बिल १,३२० रुपयांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वीज कार्यालयात गेलो. तिला घरी थांब म्हटलं, ती ऐकेना. धुतलेलं पातळ नेसली, तार पिशवीत घातली. खिडकीवरचा बाबू वाईट माणूस नव्हता. रांग मोठी होती आणि त्याच्यासमोरच्या पडद्यावर ९३,७४० दिसत होते. त्याने रोज सांगतो तेच सांगितलं: बिल भरा, चूक असेल तर पुढच्या बिलात वळतं होईल. आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत पुन्हा पाटल्या दिसल्या मला.

वीज कायदा २००३ च्या ५६ व्या कलमाबद्दल मी रात्रीच वाचून ठेवलं होतं. प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम मान्य नसेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून एकतर मागितलेली रक्कम भरायची, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने जेवढं होतं तेवढं. यातलं जे कमी असेल ते भरलं की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. स्थानिक कार्यालयाने ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल. विदर्भासाठी लोकपालाचं कार्यालय नागपूरला आहे. यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहायचा आणि त्याची पोच घ्यायची. सगळ्यात महत्त्वाची ती पोच.

अर्ज मी लिहिला, सही तिने केली. आतल्या खोलीतल्या कनिष्ठ अभियंत्याने बसायला खुर्ची दिली. तिशीतला मुलगा, बोलण्यावरून वाशीमकडचा. आत्याने पिशवीतून तार काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि गुलाबी कागद दाखवला. आठ कसा काढलाय आणि तीन कसा, हे तिने स्वतः सांगितलं. मी मध्ये बोललो नाही. त्याने कागद उजेडात धरला, मागची बारा बिलं पाहिली, आणि म्हणाला, "आजी, हा तीनच आहे." बस, एवढंच. पुढे दुरुस्तीचं बिल यायला एकोणीस दिवस लागले. तोवर सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम निषेध नोंदवून भरली होती. उरलेले पैसे दुरुस्त बिल आलं त्याच दिवशी आत्या स्वतः रांगेत उभी राहून रोख भरून आली. तेही तारेत गेलं.

आमचं निभावलं, कारण मी त्या दिवशी लग्नाला आलो होतो. हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही. अमरावतीहून अकोला शंभर किलोमीटरही नाही. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, आणि अकोला. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गाचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा एकशे पाच तासांच्या आसपास अखंड काम करून डांबरीकृत झाला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. आता दोन तासही लागत नाहीत. तरी मी दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो नव्हतो. लग्न नसतं तर पाटल्या मोडल्या गेल्या असत्या, उरलेले पैसे कुणाकडून तरी उसने आले असते, आणि आपणच वीज जाळली या समजुतीत तिने पुढचे उन्हाळे काढले असते.

सगळ्यांच्या दारात असं कोणी वेळेवर येत नाही. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत भाजी विकून पोट भरणाऱ्या एका माणसाला आठ लाख चौसष्ट हजारांचं बिल आलं. त्याने आत्महत्या केली. नंतर उघड झालं की मीटरवर ६११७.८ होते आणि नोंद ६११७८ अशी झाली. दशांशाचं एक टिंब. फेब्रुवारी २०२१ मध्ये नालासोपाऱ्याच्या एका ऐंशी वर्षांच्या गिरणीमालकाच्या नावे ऐंशी कोटींचं बिल निघालं. ते पाहून त्यांचा रक्तदाब वाढला आणि इस्पितळात न्यावं लागलं. तिथेही आकडेच जास्तीचे पडले होते. पुढे बिल दुरुस्त झालं. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचायला कोणी फिरकलं नाही. सरासरीची बिलं गेली, आणि जूनमध्ये साठलेलं सगळं एकदम आलं तेव्हा राज्यभर लोक कागद घेऊन रस्त्यावर उतरले. त्या वेळी बरीच बिलं हिशेबाने बरोबरही असतील. पण ज्याचं काम गेलं आहे त्याच्या हातात तीन महिन्यांचं ओझं एका दिवसात ठेवायचं नसतं.

चूक कोणाकडूनही होते. दिवसभर उन्हात फिरून मीटर बदलणाऱ्या पोराच्या हातून तीन नीट निघाला नाही, हे मी समजू शकतो. मला समजत नाही ते हे की ज्या घरात वर्षानुवर्षं महिन्याला साठ युनिट जळतात, तिथे एका महिन्यात पाच हजार आले तर छापण्याआधी थांबवणारं कोणी नाही. आत्याच्या शेजारचा किराणा दुकानदार तिने एकदम पाच किलो मीठ मागितलं तर विचारील, "काय जी, येवढं मीठ कायले?" एवढी साधी चौकशी, ती त्या कागदाच्या वाटेत कुठेच होत नाही. जो आकडा यंत्रातून गेला तो खरा, आणि खोटा ठरवायचा भार त्या म्हातारीवर, जिला आपण खोटं बोलत नाही याचीही खात्री उरलेली नसते. हे अन्यायाचं आहे.

त्या कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या मी आधी पाहायला हव्या होत्या. बिल फुवाजींच्या नावावर होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि खाली नोंदवलेला मोबाइल नंबरही त्यांचाच, जो कधीचा बंद पडला होता. मीटर बदलणार असल्याचा निरोप, रीडिंगचा निरोप, बिलाचा निरोप, जे काही निरोप आले असतील ते सगळे नऊ वर्षं एका गेलेल्या माणसाच्या फोनवर गेले.

नाव बदलायचा अर्ज करू म्हटलं तर आत्या गप्प झाली. मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती, वारसाचं प्रतिज्ञापत्र, सगळे कागद तारेतच होते. पण ती म्हणाली, "राहू दे ना रे. महिन्याले येकदा त्याइचं नाव येते घरात."

लहानपणी सुट्टीत मी अकोल्याला असायचो तेव्हा फुवाजी आम्हाला पॅसेंजरने शेगावला न्यायचे. गायगावनंतर पारस आलं की खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या. फुवाजी बोट दाखवून म्हणायचे, आपल्या घरचा दिवा तिथे पेटतो. आज पारसला अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठेला त्याहून कितीतरी मोठं केंद्र उभं राहिलं आहे. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आम्ही राहतो. चिमण्या दिसतात, राख दिसते. वीज राज्याच्या जाळ्यात मिसळून येते, कुठली कुठे जळते ते सांगता येत नाही, हे मोठेपणी कळलं. तरी आत्यासाठी तो दिवा पारसचाच आहे आणि त्याचा हिशेब फुवाजींच्या नावाचा आहे. मी जोर केला नाही. मोबाइल नंबर तेवढा माझा नोंदवला. नाव बदलायचं तिने स्वतःहून काढलं, पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास.

त्या पुढच्या वर्षीचा उन्हाळाही सांगायला हवा. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात इतकं ऊन तापलं की जिल्हा प्रशासनाला महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. त्या दिवसांत मी तिला दुपारी फोन करायचो आणि ती "हॅलो" म्हणायच्या आधी मागचा आवाज ऐकायचो. कूलर चालू असायचा. अशा उन्हात पंखासुद्धा बंद करून एखादं म्हातारं माणूस घरात बसलं तर काय होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. २०२३ चे ते सहा दिवस आठवले की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. महाराष्ट्रभर घरोघरचे मीटर बदलले जात आहेत. सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं २०२४ च्या जूनमध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. पण नवे स्मार्ट मीटर बसतच आहेत. ते चांगले की वाईट यावर वाद आहे, तो होऊ द्या. मला त्यातली एकच वेळ दिसते: जुना मीटर भिंतीवरून उतरतो आणि पोत्यात जातो ती दोन मिनिटं. तुमच्या घरी, किंवा तुमची आत्या, मावशी, काका एकटे राहत असतील त्या घरी मीटर बदलायला माणसं येतील, तेव्हा शक्य असेल तर तिथे जाऊन उभे राहा. जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, त्याचा फोटो काढा, आणि तो आकडा त्या माणसांकडून अंकांत आणि अक्षरांतही लिहून घ्या. तेरा हजार चारशे अडुसष्ट. अक्षरांत लिहिलेला तीन कोणाला आठ वाचता येत नाही.